परदेशी भाड्याचे विमान: वर्ध्याकडच्या वैमानिकांस काही सूचना

नागपुरास फ्लाइंग क्लबात, गोंदियाजवळ बिरसीस, बारामतीस किंवा शिरपुरास राहून खासगी वैमानिकाचा परवाना मिळविलेले आणि पुढे वर्ध्यास, आर्वीस वा हिंगणघाटास आपापल्या घरी परतलेले जे तरुण आहेत, त्यांची, आणि कित्येकदा त्यांच्याहून अधिक काळजीने त्यांच्या वडिलांची, एक चौकशी आमच्याकडे वारंवार येत असते. अमेरिकेत मावशीकडे वा ऑस्ट्रेलियात बहिणीकडे जाण्याचे ठरलेच आहे, तर तेथे चार दिवस एखादे छोटे विमान भाड्याने घेऊन ते स्वतः उडविता येईल काय? उत्तर होकारार्थी आहे. मात्र तिकीट काढून झाल्यावर विचारणाऱ्याच्या वाट्यास ते बहुधा नकारार्थी येते, कारण विमान भाड्याने मिळण्यास तेथे एक दुपार पुरते आणि ते चालविण्याचा अधिकार पदरी पाडून घेण्यास येथूनच काही महिने खपावे लागते.

प्रथम कायद्याचे मूळ ध्यानात घ्यावे, म्हणजे पुढील सर्व खटाटोप आपोआप उलगडतो. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे नागरी विमानवाहतुकीचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या बत्तिसाव्या कलमान्वये वैमानिकाचा परवाना हा विमान ज्या देशाच्या दप्तरी नोंदलेले असेल त्या देशाने दिलेला, अथवा त्या देशाने ग्राह्य ठरविलेला असावा लागतो. अर्थात आपण कोणत्या आकाशात आहोत याहून आपल्या बुडाखालचे विमान कोणत्या मुलखाचे आहे, हा प्रश्न अगोदरचा. बोरिवलीच्या आरोही पंडित यांनी २०१९ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधील विक येथून निघून, वाटेत आइसलंड व ग्रीनलंड येथे मुक्काम करीत, कॅनडातील इकालुइटपर्यंत अटलांटिक महासागर एकटीने ओलांडला, तेव्हा त्यांचे ते ‘माही’ नावाचे चिमुकले सायनस विमान भारतात नोंदलेले होते, त्याच्या अंगावर ‘व्हीटी’ ही आपली अक्षरे होती, आणि म्हणून त्यांचा भारतीय परवाना त्या विमानासोबत देशोदेशी चालत गेला. आपण मात्र परक्या गावी परके विमान घेणार. त्यावर अमेरिकेत ‘एन’, ऑस्ट्रेलियात ‘व्हीएच’, दक्षिण आफ्रिकेत ‘झेडएस’ अशी अक्षरे असणार, आणि त्या प्रत्येक अक्षरामागे एक निराळी कचेरी, निराळा अर्ज व निराळी मुदत उभी असणार. एकाच प्रवासात दोन देशांत उड्डाण करण्याचा बेत आम्ही तरी कोणास सुचवीत नाही.

मराठी कुटुंबांचा ओढा अमेरिकेकडे अधिक असल्यामुळे तेथील रीत जरा विस्ताराने सांगणे इष्ट होईल. अमेरिकेचे विमानखाते, म्हणजे एफएए, परदेशी परवान्याच्या आधारावर आपला खासगी वैमानिकाचा दाखला देते आणि त्यासाठी नवी लेखी परीक्षा घेत नाही. परंतु तत्पूर्वी मूळ परवाना अस्सल आहे, चालू आहे आणि निलंबित वा रद्द झालेला नाही, याची खातरजमा करून घेते. त्यासाठी ‘एसी ८०६०-७१’ या क्रमांकाचा अर्ज परवान्याच्या व वैद्यकीय दाखल्याच्या नकलांसह ओक्लाहोमा सिटी येथील शाखेकडे धाडावयाचा असतो. ती शाखा आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयास, म्हणजे डीजीसीएच्या नवी दिल्लीत सफदरजंग विमानतळासमोरील कचेरीस, विचारणा करते. तेथून उत्तर गेले की अर्जदारास पडताळणीचे पत्र मिळते. या सर्वांस एफएएच्या अंदाजाने ४५ ते ९० दिवस लागतात, आणि पत्र हाती आल्यापासून ते सहा महिने चालते. दिवाळीनंतर जाण्याचा बेत असेल तर ज्येष्ठात अर्ज रवाना झालेला असावा, म्हणजे दिल्लीकडून उत्तरास विलंब लागला तरी आषाढ-श्रावण हाती उरतात. दिल्लीच्या कचेरीकडे आपणही पाठपुरावा ठेवावा. दोन सरकारी खात्यांमधील पत्रव्यवहार आपोआप पुरा होईल असे मानणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे.

या अर्जातील सर्वांत क्षुल्लक वाटणारा आणि सर्वांत अधिक अडवणूक करणारा रकाना नावाचा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रावर स्वतःचे व वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात. परवान्यावर कधी वडिलांचे नाव पुरते, कधी नुसते आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर माहेरसासरचे मिळून चार पाठभेद. सेवाग्रामच्या एखाद्या घरी ही सर्व नावे एकाच माणसाची आहेत हे शेजारीही जाणतात, परंतु ओक्लाहोमातील कारकुनास ती दोन निराळ्या इसमांची दिसतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी पारपत्र, परवाना, वैद्यकीय दाखला व रेडिओचा परवाना हे चारही दस्तऐवज एका ओळीने मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, आणि तफावत आढळल्यास ती येथेच दुरुस्त करून घ्यावी. इंग्रजी भाषेच्या प्रावीण्याची नोंद परवान्यावर आहे ना, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. चौथ्या श्रेणीची नोंद असेल तर तिची मुदत संपते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

अलीकडे त्यात आणखी एका कलमाची भर पडली आहे. २०२५ पासून, ज्याचा पत्ता अमेरिकेबाहेरचा आहे अशा प्रत्येक दाखलाधारकाने सरकारी नोटिसा आपल्या वतीने स्वीकारण्यासाठी अमेरिकेतील एक मुखत्यार नेमणे सक्तीचे झाले आहे. तो सज्ञान असावा व त्याचा पत्ता तेथील असावा, एवढीच अपेक्षा असल्याने भाचा किंवा मावसभाऊ चालतो. मात्र त्याचे नाव घालण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी, आणि नोटीस आल्यास ती त्याच दिवशी कळविण्याचे भान त्यास आहे की नाही हे, नाते बाजूस ठेवून, स्वतःशी ठरवावे.

पत्र मिळाल्यावर एफएएच्या स्थानिक कचेरीत आगाऊ वेळ ठरवून जातीने हजर व्हावे लागते. ती कचेरी कोणती, हे अर्ज करतानाच लिहावे लागते, म्हणून ज्या नातलगाकडे मुक्काम करावयाचा त्याच्या गावाजवळचीच निवडावी. पारपत्र, मूळ परवाना, वैद्यकीय दाखला आणि लॉगबुक दाखविले की १२० दिवसांचा तात्पुरता दाखला हाती पडतो व कायमचे कार्ड मागाहून टपालाने येते. भारतीय वैद्यकीय दाखला चालू असेल तर तो तेथे चालतो. भारतीय परवान्यावर जी बंधने असतील तीही या दाखल्याबरोबर येतात. ज्यास येथे रात्री उडण्याची मुभा नाही, त्यास तेथेही नाही.

अन्य देशांविषयी थोडक्यात सांगून पुढे जाऊ. ऑस्ट्रेलियात तेथील खाते मुदतीचे ग्राह्यता प्रमाणपत्र देते, कॅनडातही तशाच स्वरूपाचे पत्र मिळते, आणि दक्षिण आफ्रिकेत त्या देशाच्या हवाई नियमांची परीक्षा व प्रत्यक्ष उड्डाणचाचणी यांची तयारी ठेवावी लागते. ज्याच्याजवळ कोणताच परवाना नाही, परंतु एकदा सुकाणू हाती धरून पाहावे अशी हौस आहे, त्याने या भानगडीत पडूच नये. जवळपास प्रत्येक फ्लाइंग स्कुलात ‘डिस्कव्हरी फ्लाइट’ म्हणून अर्ध्या-एक तासाचे उड्डाण असते, त्यात शिक्षक शेजारी बसतो आणि सुकाणू बराच वेळ तुमच्या हाती देतो. साठी उलटलेल्या पाहुण्यांसही ते झेपते. मात्र त्या हौसेतून पुढे रीतसर अभ्यासक्रम घेऊन परवाना मिळविण्याची इच्छा झाली, तर पर्यटकाच्या व्हिसावर तो घेता येत नाही. त्यास निराळा व्हिसा व सुरक्षा खात्याची मंजुरी लागते.

आता भाड्याच्या व्यवहाराकडे वळू. सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानाचे भाडे अमेरिकेत साधारणतः तासास दीडशे ते दोनशे डॉलरांच्या घरात असते. भाडे ‘वेट’ आहे की ‘ड्राय’, म्हणजे इंधन धरून की वगळून, हा पहिला प्रश्न; आणि तास कोणत्या मीटरवर मोजणार, हा दुसरा, ज्याकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. हॉब्ज मीटर हा इंजिन चालू झाल्यापासून ते बंद होईपर्यंत सहा सहा मिनिटांचा एकेक दशांश पुढे सरकवीत राहतो, मग विमान हवेत असो वा धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत तिष्ठत असो. टॅक मीटर मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असल्याने सावकाश चालीत सावकाश वाढतो. गजबजलेल्या विमानतळावर अठरा मिनिटे खोळंबा झाला, तर हॉब्जवर तासाचे तीन दशांश, म्हणजे १८० डॉलरांच्या दराने ५४ डॉलर, जमिनीवरच खर्ची पडतात. निघण्यापूर्वी दोन्ही मीटरांचे आकडे मालकासमक्ष लिहून घ्यावे, आणि शक्य असेल तर मोठ्या शहराचा विमानतळ टाळून तालुक्याच्या गावासारखा लहान तळ पाहावा. विमान रात्रभर बाहेरगावी ठेवावयाचे असेल, तर दररोज किमान इतक्या तासांचे भाडे द्यावेच लागेल, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. करारनामा वाचताना ती शोधावी. इंधन धरून भाडे असेल आणि आपण वाटेत अन्यत्र इंधन भरले, तर परतफेड बहुधा मालकाच्या गावच्या दराने मिळते. पावती जपावी.

विम्याबाबत आम्ही विशेष आग्रहाने लिहितो. क्लबाचा विमा असतो तो क्लबाचे रक्षण करण्यासाठी. विमानाचे पंख भिंतीस घासले, तर विमा कंपनी क्लबास भरपाई देईल आणि नंतर तीच रक्कम वैमानिकाकडून वसूल करण्यास मोकळी राहील, असा प्रसंग संभवतो. यासाठी भाडेकरू वैमानिकाचा स्वतंत्र विमा तेथे मिळतो, तो परदेशी रहिवाशास मिळेल काय हे अगोदर पत्राने विचारून घ्यावे. आणि येथून निघण्यापूर्वी आपली प्रवासविम्याची व अपघातविम्याची पॉलिसी उघडून अपवादांचे पान वाचावे: तिकीट काढून बसलेला उतारू या नात्याखेरीज अन्य कोणत्याही प्रकारे केलेले उड्डाण त्यांतून बहुधा वगळलेले असते.

दाखला मिळाला तरी उडण्यापूर्वी अमेरिकी नियमाप्रमाणे शिक्षकाकडून ‘फ्लाइट रिव्ह्यू’ करून घ्यावा लागतो. त्यात किमान एक तास जमिनीवर चर्चा आणि एक तास हवेत. मालकही आपली तपासणी वेगळी घेतो, आणि आपला घोडा नवख्याच्या हाती देणाऱ्या टांगेवाल्याने जशी नजर ठेवावी तशी ठेवतो. त्याचा राग मानू नये. आमचे मत असे की, किमान दोन तासांवर थांबणे ही खोटी काटकसर आहे. शिक्षक शेजारी बसवून तीनचार तास तरी निरनिराळ्या तळांवर उतरावे, आणि याचे कारण विमान चालविण्याच्या कौशल्यात नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर शिकलेला वैमानिक ३,२०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर, नियंत्रकाच्या आज्ञेवाचून चाकही न हलविता वाढलेला असतो. एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे तर उड्डाणयोजना दाखल करावी, हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक घ्यावा, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक घ्यावा, मग निघावे, हा त्याचा नित्यक्रम. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे विमानतळ सुमारे पाच हजार, आणि त्यांपैकी नियंत्रण मनोरा असलेले सुमारे पाचशेच. उरलेल्या तळांवर कोणी परवानगी देत नाही आणि कोणी नाकारीतही नाही. वैमानिकाने ठरलेल्या रेडिओ वारंवारतेवर आपण कोठे आहोत व काय करणार हे स्वतःच जाहीर करावयाचे, आणि डोळे उघडे ठेवून इतरांत मिसळावयाचे. स्वच्छ दिवशी बहुतेक ठिकाणी उड्डाणयोजनादेखील लागत नाही. हे स्वातंत्र्य मोहक आहे, परंतु आपल्या शिस्तीत वाढलेल्यास त्यात एक फसगत असते: कोणी थांबविले नाही, म्हणजे मार्ग मोकळा आहे, असे मन समजू लागते. वास्तविक निषिद्ध क्षेत्रे तेथेही आहेत. कोणी बडा पुढारी आला, कोठे वणवा पेटला, की तात्पुरती बंदी लागू होते, आणि ती ठाऊक करून घेण्याची जबाबदारी सर्वस्वी वैमानिकाची. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या सावलीत वाढलेल्या जिल्ह्यास, काही जागांवरून जाऊ नये ही गोष्ट पटवून देण्याची गरज नाही. तेथे मात्र पाटी दिसत नाही, ती रोज सकाळी सूचनापत्रांत शोधावी लागते.

रेडिओवरील बोलण्याची चाल निराळी असते. आपण ‘डेसिमल’ म्हणतो तेथे ते ‘पॉइंट’ म्हणतात. आपण हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये घेतो, ते पाऱ्याच्या इंचांत सांगतात, म्हणजे आपले १०१३ ते त्यांचे २९.९२. नियंत्रक भरधाव बोलतो. पहिल्याच हाकेत ‘अनफॅमिलिअर’ असा शब्द घालावा, म्हणजे तो वेग उतरवितो. आणि न समजता ‘रॉजर’ म्हणण्यापेक्षा दहा वेळा ‘से अगेन’ म्हटलेले बरे.

ओझ्याचा हिशेब मात्र कागदावरच करावा, आणि तो आप्तेष्टांसमोर करावा लागतो म्हणून अधिक अवघड जातो. सेसना १७२ च्या एस नमुन्याचे उड्डाणसमयीचे कमाल वजन २,५५० पौंड, रिकामे विमान सुमारे १,७०० पौंडांचे, उरले ८५०. टाक्या भरल्या तर वापरता येण्याजोगे ५३ गॅलन इंधन, गॅलनास सहा पौंडांप्रमाणे ३१८ पौंड. बाकी ५३२ पौंड, म्हणजे सुमारे २४१ किलो. यात पंचाहत्तर किलोंची तीन माणसे आणि एक बेताची पिशवी बसते. आसने चार आहेत म्हणून काका, काकू आणि त्यांचा धिप्पाड चिरंजीव यांस एकदम घेऊन जाणाऱ्याने एक तर इंधन कमी भरावे, नाही तर चिरंजीवास धावपट्टीच्या कुंपणाशी छायाचित्रे काढावयास उभे करावे. त्यांच्याकडून खर्चाचा समान वाटा घेण्यास हरकत नाही. त्याहून एक डॉलरही अधिक घेतला तर तो धंदा ठरतो आणि खासगी दाखल्यास धंदा वर्ज्य आहे.

उष्णतेची गोष्ट विदर्भाच्या माणसास सांगावयाची म्हणजे धाडसच. तरीही आकडे पाहावे. सोनेगावची उंची समुद्रसपाटीपासून १,०३३ फूट. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे तेथील विरळ झालेली हवा विमानास सुमारे ४,९०० फुटांवरच्या हवेसारखी भासते, आणि सेसनाची धाव लांबते हे आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अनुभवलेले असते. आता डेन्व्हरजवळचा सेंटेनिअल विमानतळ घ्या. उंची ५,८८५ फूट. दिवस ३० अंशांचा, म्हणजे आपल्या दृष्टीने सुखद. परंतु विमानाच्या दृष्टीने ती हवा ९,१०० फुटांवरची. अंगास गारवा वाटतो म्हणून वैमानिक निर्धास्त असतो आणि धावपट्टीचे टोक मात्र अपेक्षेआधी जवळ येते. पर्वतप्रदेशात जावयाचे तर भल्या सकाळी, कमी ओझ्याने, आणि इंधनमिश्रण उंचीप्रमाणे पातळ करण्याची सवय हातात बसवून. उलटपक्षी, थंड व दमट किनाऱ्यांवर कार्ब्युरेटरात बर्फ धरण्याचा जो धोका असतो, तो आपल्या कोरड्या उन्हाळ्यात शिकलेल्यास पुस्तकातच भेटलेला असतो. तेथील शिक्षकाकडून त्याचा सराव मुद्दाम मागून घ्यावा. इंधनही पुष्कळदा स्वतःच भरावे लागते: प्रथम भूसंपर्काची तार विमानास जोडावी, मग नळी; पंपावर जेटचे नव्हे, १०० एलएल हेच नाव आहे ना ते वाचावे; आणि भरल्यावर तळातून थोडे काढून ते निळसर व पाण्याच्या थेंबांवाचून आहे ना, हे काचेच्या नळीत उजेडाकडे धरून पाहावे.

न्यू जर्सीस मुक्काम करणाऱ्यांस हडसन नदीवरून स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जाण्याचा मोह अनावर होतो. नदीवरील तो पट्टा १,३०० फुटांच्या खाली नियंत्रकाच्या परवानगीवाचून खुला आहे, वेगाची मर्यादा १४० नॉट आहे, आणि ठरावीक खुणांपाशी आपले स्थान पुकारावे लागते. नियम थोडके, परंतु त्याच अरुंद पट्ट्यात हेलिकॉप्टरेही असतात, आणि पुतळा डावीकडे दिसताच चौघांचीही मान तिकडे वळते. तेथे पहिल्या खेपेस शिक्षकावाचून जाऊ नये, आणि छायाचित्रांचे काम मागच्या आसनाकडे सोपवावे.

परत येण्यापूर्वी लॉगबुकातील परदेशी तासांच्या नोंदींवर शिक्षकाची सही व त्याचा दाखला क्रमांक घ्यावा, आणि भाड्याच्या पावत्या त्याच वहीस जोडाव्या, कारण पुढे व्यावसायिक परवान्यासाठी ते तास दाखवावयाचे झाले तर पुरावा मागितला जाईल. टपालाने आलेले कार्ड पाहताना त्यावर आपल्या भारतीय परवान्याचा क्रमांक छापलेला आढळेल. तो दाखला त्या क्रमांकाच्या आधारावरच जिवंत असतो. येथे परवान्याची मुदत संपली तर तोही निरुपयोगी होतो, आणि उद्या व्यावसायिक परवाना घेताना डीजीसीएने नवा क्रमांक दिला, तर ओक्लाहोमाकडे पडताळणीचा अर्ज पुन्हा प्रथमपासून करावा लागतो.